दोन वजनांची पिशवी

मोहोळात पहाटे उठण्याचा ज्यांस परिपाठ आहे, त्यांनी हे दृश्य पाहिलेच असेल. तांबडे अजून फुटलेले नसते. पुणे-सोलापूरच्या मोठ्या रस्त्यावरून मालमोटारींचे दिवे येत-जात असतात. आणि त्याच वेळी गावाबाहेरच्या शेतरस्त्यांवर दहा-वीस तरुण मुले धापा टाकीत धावताना दिसतात. कोणाच्या पायांत चांगले बूट असतात, कोणाच्या पायांत फाटके, कोणी अनवाणीच. कोणास सैन्यात जावयाचे असते, कोणी पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरच्या धावेची तयारी करीत असतो, आणि त्यांतला एखादाच केवळ धावण्याच्या आनंदाकरिता धावत असतो. माझ्या सकाळच्या फेरफटक्यात त्यांची व माझी गाठ पडते. त्यांतील पुष्कळ माझे जुने विद्यार्थी. ते धावता धावताच “नमस्कार, सर” म्हणतात, आणि मी “दम जपा रे” एवढे म्हणून पुढे जातो.

गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एकजण धावणे थांबवून माझ्या बरोबरीने चालू लागला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तुम्ही शास्त्र शिकविता म्हणून विचारतो. पळायच्या आधी सुई घेतली, तर अंगाला काय होतं?”

कसली सुई, असे मी विचारले. तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. भरतीची तयारी करवून घेणाऱ्या कोणा इसमाने त्याला सांगितले होते की, ही घेतली म्हणजे दम लागत नाही, किंमत अमुक. मी त्याला चांगले अर्धा मैल व्याख्यान दिले. काळीज, मूत्रपिंडे, यकृत, रक्ताच्या गाठी ह्यांपैकी काही मी सोडले नाही. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि शेवटी एकच प्रश्न केला: “पण सर, तपासतंय कोण?”

हा प्रश्न त्याने उद्धटपणे विचारला नव्हता. त्याला खरोखरीच जाणून घ्यावयाचे होते. भरतीच्या मैदानावर उमेदवारांजवळ सुया व औषधे सापडल्याच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या, आणि मीही वाचल्या होत्या. तेथे जे सापडले ते सापडले. जे सापडले नाहीत ते पुढे गेले की काय, हा त्याचा खरा प्रश्न होता. त्याला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन मात्र त्या विषयावर जे जे मिळाले ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता एका अशा गोष्टीपाशी येऊन पोहोचलो की जी माझी स्वतःचीच होती. ती पुढे सांगेन. आधी थोडा इतिहास सांगतो.

शर्यतीत औषध घेण्याचा प्रकार आजकालचा नव्हे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. उन्हाळा कडक, रस्ते धुळीचे, पाण्याची सोय नाममात्र. प्रथम मैदानात शिरला तो फ्रेड लॉर्झ. परंतु हे गृहस्थ वाटेत बरेच अंतर मोटारीत बसून आले होते असे लवकरच उघडकीस आले. त्यांस बाजूस सारून विजयी ठरविण्यात आले थॉमस हिक्स ह्यांस. ह्या हिक्सना त्यांच्या मदतनिसांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन पाजले होते, वर ब्रॅंडीही दिली होती. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडील काजऱ्याच्या, ज्याला वैद्य कुचला म्हणतात त्याच्या, बियांतील जहाल विष. अल्प प्रमाणात ते शरीरास चेतविते आणि थोडे अधिक झाले तर प्राण घेते. हिक्स जवळजवळ इतरांच्या आधारानेच शेवटच्या रेषेपलीकडे गेले. मोटारीत बसण्यास नियमाची आडकाठी होती. विष पिण्यास नव्हती! कोणी ते लपविलेही नाही.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९२० साली, बेल्जममधील ॲंटवर्प येथे आपल्याकडचा एक मनुष्य तीच शर्यत धावला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांचे नाव. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून आणि सर दोराबजी टाटांच्या साहाय्याने जे पहिले भारतीय पथक तेथे गेले, त्यांत ते होते. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत त्यांनी शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. मुलांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव नाही. पण ते ठाऊक असावे. त्या काळी धावणाऱ्याची परीक्षा एकच असे: तो पोहोचला की नाही, आणि केव्हा पोहोचला. त्याच्या रक्तात काय आहे हे विचारण्याचे कोणाच्या ध्यानीही नव्हते.

रक्ताची गोष्ट पुढे आली ती शास्त्राच्या प्रगतीबरोबर. लांब पल्ल्याच्या धावण्यात खरी टंचाई पडते ती प्राणवायूची. फुप्फुसांतून तो उचलून स्नायूंपर्यंत पोहोचविण्याचे काम रक्तातील तांबड्या पेशी करतात. सुगीत शेतातून घरी धान्य वाहणाऱ्या बैलगाड्यांसारख्याच ह्या. गाड्या जितक्या अधिक, तितका माल लवकर पोहोचतो. ह्या पेशी वाढवा, असा हुकूम देणारे एक द्रव्य आपली मूत्रपिंडे तयार करतात. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. संक्षेपाने त्याला ईपीओ म्हणतात. मूत्रपिंडाच्या रोग्यांस रक्त कमी पडते, म्हणून गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले. किती रोग्यांस त्याने जीवदान दिले असेल! परंतु जी वस्तू दुर्बळास उभे करते ती धडधाकटास अधिक वेगाने पळविते, हे ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. निरोगी मनुष्याने ते घेतले की रक्त दाट होते, गाठी होतात, काळजावर भार पडतो. आणि शरीरातील मूळ द्रव्य व बाहेरून घेतलेले द्रव्य ही इतकी सारखी की, त्यांतील भेद ओळखणारी परीक्षा ऑलिंपिकमध्ये प्रथम लागू झाली ती २००० साली सिडनी येथे. मधल्या काळात कितीजण घेऊन धावले हे देवच जाणे.

१९९९ साली ह्या कामाकरिता एक जागतिक संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘वाडा’ म्हणतात. आपल्या पाटलांच्या वाड्याशी तिचा काही संबंध नाही. आपल्या देशातील तशीच संस्था २००५ साली स्थापन झाली, तिला ‘नाडा’ म्हणतात. हे नाव वर्गात उच्चारले तेव्हा आठवीची मुले किती वेळ हसत होती ते मी येथे लिहीत नाही. त्यांची कामाची रीत मात्र हसण्यासारखी नाही. खेळाडूने अधिकाऱ्याच्या देखत लघवीचा नमुना द्यावयाचा. तो दोन बाटल्यांत वाटून, मोहोर लावून, केवळ क्रमांक घालून प्रयोगशाळेत जावयाचा. पहिल्या बाटलीत दोष आढळला तर खेळाडू दुसरी उघडण्याची मागणी करू शकतो. परीक्षा करणाऱ्यास नाव, गाव, जात, देश ह्यांपैकी काही कळू नये, हा त्यातला हेतू. अत्यंत वरच्या श्रेणीच्या धावपटूंस तर रोज कोणत्या एका तासात आपण कोठे सापडू हे आगाऊ कळवून ठेवावे लागते, आणि बारा महिन्यांत तीन वेळा चुकामूक झाली तर औषध न सापडताही बंदी येते. २००९ पासून रक्ताच्या मोजमापांची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याची पद्धतही सुरू झाली.

ही व्यवस्था वाचून माझे मन भरून आले. परीक्षेचे कागद तपासताना क्रमांकावर चिठ्ठी चिकटविण्याची आपली रीत आठवली. परंतु कागदावरची व्यवस्था आणि मैदानावरची व्यवस्था ह्यांत अंतर असते, आणि ते अंतर सर्वांस सारखे नसते.

आपल्या शेजारच्या साताऱ्याकडचेच उदाहरण घ्या. माण तालुका दुष्काळाकरिता आपल्या मोहोळपेक्षाही अधिक प्रसिद्ध. तेथील मोही गावची ललिता बाबर ही शेतकऱ्याची मुलगी स्टीपलचेस नावाची शर्यत धावू लागली. तीन हजार मीटर धावावयाचे, वाटेत अडथळे ओलांडावयाचे, आणि प्रत्येक फेरीत पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावयाची. रिओच्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ नंतर बत्तीस वर्षांनी धावपट्टीवरील वैयक्तिक अंतिम शर्यतीत एक भारतीय स्त्री उभी राहिली. ती अंतिम शर्यत १५ ऑगस्ट २०१६ रोजी झाली. त्या दिवशी सकाळी आपण येथे झेंडावंदन केले होते. ललिता दहावी आली. पहिली आली बहारीनची रूथ जेबेट, ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत.

पुढे २०१७ सालच्या डिसेंबरात ह्या जेबेटचा एक नमुना घेण्यात आला आणि त्यात ईपीओ सापडले. तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. रिओचे पदक मात्र तिच्यापाशीच राहिले. कारण त्या दिवशी तिच्या अंगात काही होते असे कोणीही सिद्ध केलेले नाही, आणि सिद्ध झाल्यावाचून कोणाचे काही काढून घेऊ नये हेच योग्य आहे. मी तिच्यावर आरोप करीत नाही. परंतु दहाव्या आलेल्या मुलीच्या मनात पुढे कधी काय आले असेल, हा विचार मला सोडीत नाही. त्याच शर्यतीत, त्याआधी चार वर्षांपूर्वी लंडन येथे, रशियाची युलिया झारीपोवा पहिली आली होती; तिच्या रक्ताच्या नोंदींत लबाडी आढळली आणि पदक ट्युनिसियाच्या हबीबा घ्रिबी हिला देण्यात आले. कधी? २०१६ साली! चार वर्षांनी मिळालेल्या सोन्यात तोळे तितकेच असतात. पण त्या संध्याकाळी वाजावयाचे राष्ट्रगीत कोणी परत आणून देत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे मला थोडे कठोर लिहावे लागेल. २०२२ साली आपल्याकडे घेतलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष निघाले, म्हणजे शेकडा ३.२. दोन हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांहून अधिक होते. कोणी म्हणतील, तपासले म्हणून सापडले. आणि त्यात तथ्य आहे. पण २०२३ सालच्या सप्टेंबरात दिल्ली राज्याच्या स्पर्धेत काय घडले पाहा. तपासणी करणारे आले आहेत अशी वार्ता मैदानावर पसरली, आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीस रेषेवर एकच धावपटू उभा राहिला! बाकीचे कोठे गेले कोणास ठाऊक. स्टीपलचेस धावणारी एक लहान वयाची मुलगी तर शेवटची रेषा ओलांडल्यावरही धावतच राहिली, आणि नमुना घेणारा अधिकारी तिच्यामागे धावला. वर्तमानपत्रात हे वाचून मी प्रथम हसलो. मग ती मुलगी आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्याच वयाची असेल हे ध्यानात आले. तिला ते औषध कोणी आणून दिले असेल, आणि तो मनुष्य त्या वेळी कोठे उभा होता, हे मात्र कोणी लिहिले नव्हते.

आणि प्रयोगशाळा? २०१८ सालच्या जून महिन्यात गुवाहाटी येथे आंतरराज्य स्पर्धा झाल्या. तेथील काही खेळाडूंचे नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत निर्दोष ठरले. तेच नमुने कॅनडातील मॉंट्रियल येथे पुन्हा तपासले असता त्यांत स्टेरॉइड आढळले. १५०० मीटर धावणारी बंगालची झुमा खातून त्यांत होती. तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. बाटलीतले पाणी तेच, केवळ तराजू बदलला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ‘वाडा’ने दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यताच स्थगित केली, ती परत मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडले. जे नमुने मॉंट्रियलला गेलेच नाहीत त्यांत काय होते, हे विचारण्यात आता अर्थ नाही; पण ज्यांनी प्रामाणिकपणे धावून चौथा-पाचवा क्रमांक पत्करला त्यांस तो विचारण्याचा अधिकार खचित आहे.

महाराष्ट्रालाही ह्यातून हात झटकता येणार नाहीत. नाशिककडची संजीवनी जाधव ही गुणी धावपटू. भुवनेश्वर येथील २०१७ च्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले तेव्हा मी वर्गात तिचे नाव फळ्यावर लिहिले होते. दोन वर्षांनी दोहा येथे १०,००० मीटरमध्ये तिला पुन्हा कांस्य मिळाले; परंतु प्रोबेनेसिड नावाचे द्रव्य नमुन्यात आढळल्याने तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि ते पदक गेले. प्रोबेनेसिड हे वस्तुतः संधिवाताच्या एका प्रकारावरील औषध. त्याने वेग वाढत नाही. ते दुसऱ्या द्रव्यांस लघवीत उतरू देत नाही, म्हणून निषिद्ध. तिच्या अंगात ते कसे आले ह्याचा निवाडा मी करणार नाही. तिने शिक्षा भोगली आणि ती पुन्हा मैदानात उतरली, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावयास हवे होते. मी ते लिहिले नाही. शिक्षकांच्या फळ्यावरसुद्धा काही गोष्टींना जागा मिळते, काहींना मिळत नाही.

केनियाच्या डोंगराळ प्रदेशातून जगातील उत्तमोत्तम धावपटू येतात. तेथील रूथ चेपनगेटिच हिने १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागो येथे २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. दोन तास दहा मिनिटांच्या आत धावणारी ती पहिली स्त्री. पुढील मार्चात घेतलेल्या नमुन्यात मूत्रल औषध सापडले आणि तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. केनियाच्या धावपटूंविषयी आपण चटकन म्हणतो, “ते सगळे घेतातच.” परंतु रक्ताचा नमुना थोड्या वेळात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, आणि नैरोबीला तशी प्रयोगशाळा झाली ती २०१८ साली. तोपर्यंत दूरच्या खेड्यात सराव करणाऱ्या प्रामाणिक धावपटूला आपला प्रामाणिकपणा दाखविण्याचे साधनच नव्हते. तपासणी नसली की चोर सुटतो हे सर्वांस दिसते. साव असलेल्यासही सुटता येत नाही, हे थोड्यांच्या ध्यानी येते.

आपल्या गावोगावीही आता रोख बक्षिसांच्या शर्यती होतात. त्यांस काहीही अंतर असले तरी मॅरेथॉनच म्हणतात. तेथे नमुना घेणारा क्वचितच कोणी असतो. खालच्या पायरीवर तपासणी नाही आणि वरच्या पायरीवर रोज एक तास पहारा, अशी ही जिन्याची रचना. जो मुलगा खालच्या पायरीवर सुई घेण्यास शिकला, तो वर जाऊन सापडला म्हणजे आपण त्याला दोष देतो.

पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचाच दृष्टांत घेतला आहे, हे आपल्या रविवार शाळेच्या मुलांस ठाऊक आहे. परंतु ह्या विषयाचा विचार करताना मला ते पत्र न आठवता अनुवादाच्या पुस्तकातील एक साधा बाजारी नियम आठवत राहिला. आपल्या पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत, असा तो नियम आहे. मोहोळच्या बाजारात ज्याने मालदांडी ज्वारी घेतली असेल, त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. मी लहान असताना एका दुकानदाराविषयी माझी आई म्हणत असे की, तो घेताना एका शेराने घेतो आणि देताना दुसऱ्याने देतो. दोन्ही शेर लोखंडाचेच, आणि दोन्हींवर छाप होता.

आता माझी गोष्ट.

चार वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक खेळांत, नाताळाच्या सुट्टीच्या आधी, लांब धावण्याची शर्यत होती. शाळेच्या दारातून निघून शेतरस्त्याने वळसा घालून परत यावयाचे. सुमारे पाच किलोमीटर. वसतिगृहातील एक मुलगा, जो आदल्या वर्षी शेवटून तिसरा आला होता, तो ह्या वर्षी दुसरा आला. त्याचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. मुलगा अबोल, अभ्यासात बेताचा. शर्यत संपताच कोणीतरी माझ्या कानाशी म्हणाले, “ह्याने काहीतरी घेतले असणार.” मी त्या दिवशी पंच होतो. न्यायाधीशपणाचा एक कैफ असतो, तो मला चढला. मी त्याला बोलाविले आणि पालकांच्या, पाहुण्यांच्या व सर्व मुलांच्या देखत त्याची पिशवी उघडली. आत एक टॉवेल, एक कांद्याची भाकरी आणि एक लहान बाटली निघाली. बाटलीत तपकिरी पाणी होते. मी ती उंच धरली. मैदान अगदी शांत झाले.

ते गुळाचे पाणी होते. त्यात थोडे मीठ टाकलेले होते. वर्षभर तो पहाटे वसतिगृहाच्या आवारात चकरा मारीत असे, आणि आजीने सांगितले म्हणून हे पाणी पीत असे, असे मागून रखवालदाराकडून कळले.

मी “ठीक आहे” म्हणून बाटली परत दिली. बक्षीस समारंभ झाला, त्याला दुसरे बक्षीस मिळाले, टाळ्याही झाल्या. पहिल्या आलेल्या मुलाची पिशवी तेथेच, चार पावलांवर, खुर्चीवर ठेवलेली होती. तिच्याकडे मी पाहिलेदेखील नाही. त्याचे वडील व्यासपीठावर बसले होते. त्या पिशवीत काही होते असे मी म्हणत नाही. बहुधा काहीच नसेल. पण आता ते कोणीच सांगू शकत नाही, आणि त्या मुलाचेही मी नुकसानच केले; कारण पुढे दोन वर्षे वसतिगृहातील मुले त्याच्याविषयी कुजबुजत असत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या आलेल्या मुलाने शर्यतीत नाव घातले नाही. मी त्याला बोलावून घेतले. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाही. शब्द जुळविताना मला फार कष्ट पडले. त्या दिवशी तुझी पिशवी उघडली हे माझे चुकले, असे काहीसे मी म्हणालो. तो खाली पाहत होता. मग म्हणाला, “सर, पिशवी उघडली त्याचं काय नाही. त्याची बी उघडली असती, तर मला काय वाटलं नसतं.”

जागतिक संस्थेचे नियम, प्रयोगशाळांची मान्यता, बाटल्यांवरचे क्रमांक, ह्या सर्वांविषयी मी पुढे जे वाचले, त्यात ह्याहून अधिक नेमके वाक्य मला आढळले नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात त्या तरुणाने “तपासतंय कोण?” असे विचारले, तेव्हा माझी जीभ अडखळली ती ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. काही दिवसांनी तो पुन्हा भेटला तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की, तपासणारे कमी आहेत, आणि जे आहेत ते सर्वांस सारखे तपासत नाहीत; हे खरे आहे, तुझ्यापासून लपवीत नाही. तरी ती सुई घेऊ नकोस. “का?” असे त्याने विचारले नाही. अजून तो पहाटे धावतो. त्याने काय केले हे मीही विचारले नाही. विचारावयाचे तर रस्त्यावरच्या सगळ्यांनाच विचारावे लागेल.

ह्या वर्षीच्या खेळांत आम्ही एक नवी रीत घातली. धावणाऱ्या सर्व मुलांचे क्रमांक लिहून चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या डब्यात घातल्या, आणि पाचवीतल्या एका मुलीकडून शर्यतीनंतर पाच चिठ्ठ्या काढविल्या. ज्यांचे क्रमांक निघतील त्यांच्या पिशव्या उघडावयाच्या, मग तो पहिला असो की शेवटचा, वसतिगृहातील असो की गावातील. काही पालकांस हे आवडले नाही. शाळेच्या मुलांच्या शर्यतीत एवढे कशाला, असे ते म्हणाले. त्यांचेही अगदीच चूक नाही. पाच पिशव्यांत मिळून आम्हांस सापडले ते असे: दोन डबे, एक भोवरा, अर्धी चिक्की आणि न दिलेली एक प्रगतिपत्रिका.

वळणावर धावपटूंचे क्रमांक टिपण्यास एक विश्वासू माणूस हवा होता. तो ऊसतोडीवाल्यांचा मुलगा आता बारावीत आहे. तो कुंपणाशी उभा होता. मी त्याला वही व पेन्सिल दिली आणि वळणावर त्याच्याबरोबर थांबलो. त्याने प्रत्येक क्रमांक, प्रत्येकाची वेळ, स्वच्छ अक्षरांत टिपली. सायंकाळी वही माझ्याकडे आली तेव्हा पानाच्या तळाशी एक ओळ अधिक आढळली: “४ वाजून १० मिनिटे ते ४ वाजून १५ मिनिटे. सर जागेवर नव्हते. चहा.”